मोगरा, जाई, जुई : मला कायम विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या एकोणीस कुंड्या आहेत. अकरा मोगऱ्याच्या, बाकीच्यांत जाई, जुई, कुंद आणि एक कायम रुसलेली सायली. दर पावसाळ्यात फांद्या लावून रोपं तयार करते आणि मागेल त्याला देते. रोप नेलेली मंडळी पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये फोन करतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदा बसून लिहून काढले. या उत्तरांमध्ये खतपाण्यापेक्षा ऊन आणि कात्री जास्त वेळा येईल, त्याला माझा इलाज नाही.

मोगरा छान हिरवागार आहे, पण फूल एक नाही. काय चुकतंय?

शंभरातल्या नव्वद फोनचा हा विषय. हिरवागार आहे, हीच खरं तर तक्रार असायला हवी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला धरते. जुनी फांदी कितीही जाड आणि टवटवीत असली तरी तिच्यावर थेट कळी येत नाही. आधी तिला नवा फुटवा यावा लागतो. म्हणजे झाडाला फुटवे फोडायला भाग पाडायचं आणि त्या फुटव्यांना भरपूर ऊन द्यायचं, एवढंच काम आहे.

आधी ऊन तपासा. ‘आमच्याकडे भरपूर उजेड आहे’ असं लोक सांगतात. उजेड नको, ऊन हवं. थेट अंगावर पडणारं, निदान पाच-सहा तासांचं. बाल्कनीच्या आत भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीला सकाळी दीड तास ऊन मिळतं आणि घरातल्या माणसांना वाटतं दिवसभर मिळतं. सुट्टीच्या दिवशी दर तासाला डोकावून बघा आणि कागदावर लिहा. तीन तासांच्या खाली भरलं तर मोगऱ्याचा नाद सोडा, किंवा कुंडी गच्चीवर न्या. उत्तरेकडच्या बाल्कनीत मोगरा जगतो, वाढतो, फुलत मात्र नाही.

ऊन पुरेसं असेल तर दुसरा प्रश्न: शेवटची छाटणी कधी केली? या प्रश्नावर फोनवर बहुतेक वेळा शांतता पसरते. आणि तिसरा: खत कोणतं घालता? युरिया किंवा नुसतं ताजं शेणखत वरचेवर घातलं की नत्र जास्त होतं, मग लांब लांब वेलासारख्या फांद्या सुटतात, पानं तळहाताएवढी होतात आणि कळी येत नाही. अशा झाडाचं खत दोन महिने पूर्ण बंद करा. लाडावलेलं पोर जेवायला बसत नाही, तसं ते झाड झालेलं असतं.

छाटणी नेमकी कधी करायची? आणि किती? हात धजावत नाही.

मोगऱ्याची मोठी छाटणी वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. मी संक्रांतीच्या आधीचा रविवार धरते, कारण तो लक्षात राहतो. त्याआधी दोन-तीन आठवडे झाडाला ताण द्यायचा. ताण म्हणजे पाणी तोडायचं. एकदम बंद नाही. कुंडीत असेल तर पानं मलूल दिसू लागली की कपभर पाणी, बस. जमिनीतल्या झाडाला तेवढंही लागत नाही. पानं पिवळी पडतील, काही गळतील. गळू द्या. झाड झोपतंय.

मग धारदार कात्री घ्यायची आणि सगळ्या फांद्या जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापायच्या. कुंडीतलं झाड असेल तर फूटभर ठेवलं तरी चालतं. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढायच्या. उरलेली पानंही हाताने ओरबाडून टाकायची. समोर दिसतो तो नुसता काड्यांचा खराटा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मार्चमध्ये त्याच परडी घेऊन वर यायला लागल्या.

छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती मोकळी करून तेवढं जुनं, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत घाला, मूठभर निंबोळी पेंड मिसळा, चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा) घाला आणि मग भरपूर पाणी द्या. तीन आठवड्यांत तांबूस-हिरवे फुटवे दिसतात. जानेवारीत छाटलेला मोगरा साधारण मार्चमध्ये पहिला बहर देतो.

आणखी एक छोटी छाटणी असते, ती लोक विसरतात. एक बहर संपला की ज्या शेंड्यांना फुलं आली होती ते शेंडे दोन जोड्या पानांसकट खुडायचे. तिथून दोन नवे फुटवे येतात आणि दोन्हींना कळ्या. असं मार्च ते जून तीन-चार बहर सहज मिळतात. एप्रिलमध्ये एक बहर देऊन थांबलेला मोगरा थकलेला नसतो. त्याचे शेंडे कोणी खुडलेले नसतात.

जाई-जुईलाही तीच छाटणी?

छाटणी हवीच, वेळ थोडी वेगळी. जाईची डिसेंबरअखेर, जुईची जानेवारीच्या शेवटी. जुईला मोगऱ्यापेक्षा उंच सोडलं तरी चालतं. कुंद हिवाळ्यात फुलतो, त्यामुळे त्याला जानेवारीत हात लावू नका. फुलं संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापा.

मोगरा, जाई, जुई, चमेली, सायली, कुंद… यांतलं कोणतं कोणतं?

फुलावरून गोंधळ होतो, पानावरून होत नाही. मोगऱ्याच्या एका देठावर एकच पान, रुंद, चकचकीत; अशी पानं समोरासमोर जोडीनं येतात. जाईचं पान संयुक्त. एका देठावर पाच-सात-नऊ लहान पर्णिका, आणि फुलाच्या पाकळीला मागून गुलाबी झाक. हिंदीत जिला चमेली म्हणतात ती हीच आपली जाई, त्यामुळे नर्सरीत ‘जाई नाही, चमेली आहे’ असं ऐकलं तर हसून घेऊन या. जुईचं पान तीन पर्णिकांचं. मधली मोठी आणि खालच्या दोन इवल्याशा, कानाच्या पाळीसारख्या. शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलेटम’चा अर्थही कान असलेली असाच. जुईची फुलं सगळ्यांत लहान, आणि माझ्या मते वास सगळ्यांत शहाणा. मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही. कुंदाची पानं मऊ लवेची, फुलं पांढऱ्याशुभ्र चांदण्यांसारखी, पण वासाच्या नावानं जवळपास शून्य. देवाला वाहायला सुंदर, गजऱ्याला उपयोग नाही.

सायलीबद्दल मी जरा हात राखून बोलते. या नावाने वेगवेगळ्या नर्सरीत मला तीन वेगवेगळे वेल मिळालेत.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी उन्हाळ्यात कुसर पाहिलेला असेल. त्यालाच रानमोगरा म्हणतात. झुडपांवर चढलेला वेल, पांढरे झुबके आणि वळणावरच्या हवेत अचानक येणारा वास. तो तिथेच राहू द्या. गच्चीवर आणून तो खूष झालेला मी तरी पाहिला नाही.

नावांचं म्हणाल तर जाई संस्कृत ‘जाती’वरून आली, जुई ‘यूथिका’वरून आणि मोगरा ‘मुद्गर’ या शब्दावरून. कळीचा आकार पाहिला की ती छोटीशी गदा डोळ्यांसमोर येते.

मोगऱ्यातही प्रकार असतात ना? कोणता लावू?

गजऱ्यासाठी साधा मोगरा, एकेरी किंवा दुहेरी पाकळ्यांचा. याला फुलं सगळ्यांत जास्त. बटमोगऱ्याची कळी गोल, टपोरी, बटणासारखी. फूल उमललं की छोटा गुलाबच. फुलं कमी पण एक फूल खोलीला पुरतं. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार, पाकळ्या निमुळत्या. पहिलंच झाड असेल तर साधा मोगरा घ्या. बटमोगरा हट्टी असतो, ऊन जरा कमी झालं की कळ्या न उमलताच तपकिरी होऊन गळतात.

‘हजारी मोगरा’ म्हणून जे पसरट, मोठ्या पानांचं आणि गुच्छात फुलणारं झुडूप विकतात, तो मोगरा नाहीच. वेगळ्या कुळातलं झाड आहे, आणि जमिनीत लावलं तर मुळांवाटे सगळीकडे पसरतं. त्याचं पान चुरगळून वास घेतलात तर लगेच कळेल, फार बरा वास नाही.

ऑनलाइन मोगऱ्याचं बी मिळतंय, ४९ रुपयांत वीस. घेऊ का?

नको. बागेतल्या मोगऱ्याला बी धरत नाही. दुहेरी मोगऱ्यात तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, बी येणार कुठून. पाकिटावर निळ्या मोगऱ्याचा फोटो असेल तर पैसे वाचल्याचा आनंद साजरा करा. मोगरा फांदीपासून किंवा दाबकलमानेच होतो.

मग फांदीपासून रोप कसं करायचं?

जून-जुलै. पावसाचे दोन-तीन चांगले दणके बसले की. फांदी फार कोवळी नको, फार जून नको. पेन्सिलीहून बारीक, हिरवट-तपकिरी, वाकवली तर वाकेल पण कचकन मोडणार नाही अशी. सहा-आठ इंचांचा तुकडा, त्यावर तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढा, वर दोन ठेवा, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात दोन पेरं पुरेशी खोल जातील अशी खोचा. मुळं फुटायची पावडर मिळते ती लावली तर यश वाढतं, पण मी वर्षानुवर्षं न लावता केलंय. सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि मुख्य म्हणजे महिनाभर उपटून बघायचं नाही. मुळं आली का हे बघायला रोज ओढणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या फांद्या कधीच लागत नाहीत.

दहा फांद्या लावल्या तर सहा-सात लागतात. खात्रीचं काम हवं असेल तर दाबकलम. झाडाचीच एक लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची. जिथे दाबतो तिथली साल बोटभर खरवडायची, वर दगड ठेवायचा. दोन-अडीच महिन्यांनी, गणपती-नवरात्राच्या सुमारास मुळं धरलेली असतात. मग आईपासून तोडायचं. जुईला तर हे आपोआप होतं, जमिनीवर लोळलेल्या वेलाला जागोजागी मुळं सुटतात.

कुंडी केवढी? माती कोणती?

बारा इंचांपासून पुढे. चौदा असेल तर उत्तम. फार मोठ्या कुंडीत छोटं रोप लावू नका, न वापरलेली माती ओली राहून आंबते. माती काळी असेल, आपल्या देशावर असतेच, तर तिच्यात वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घालून ती मोकळी करून घ्या. निम्मी माती, पाव वाळू, पाव कुजलेलं खत असा माझा ढोबळ हिशेब. कोकणातल्या तांबड्या मातीत मोगरा मजेत असतो, तिथे फक्त खत वाढवा. खालच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायला विसरू नका. दोन वर्षांनी, छाटणीच्याच वेळी, झाड बाहेर काढून मुळांचा बाहेरचा गुंता दोन बोटं कापायचा आणि नवी माती भरायची.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मे महिन्यात गच्चीवर अक्षरशः तापतात. त्यांना गोणपाट गुंडाळा.

पाणी रोज की दिवसाआड?

बोट घाला. दोन पेरं आत माती कोरडी लागली तर पाणी, नाहीतर नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ लागतं, कारण त्या वेळी झाड कळ्यांनी लगडलेलं असतं आणि एक दिवस जरी सुकलं तरी कळ्या गळतात. ऑगस्टमध्ये कदाचित महिनाभर लागणारही नाही. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. मोगरा उन्हाळ्यात तहानेने मरतो त्याहून जास्त पावसाळ्यात पाण्यात उभा राहून मरतो.

पानं पिवळी पडतायत.

कोणती पानं? खालची जुनी एक-दोन पडत असतील तर दुर्लक्ष करा. डिसेंबरात पडत असतील तर ऋतूच आहे. पावसाळ्यात सगळंच झाड मलूल आणि पिवळं दिसत असेल तर पाणी तुंबलंय, भोक उघडा.

पण शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारखं दिसत असेल, तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह नसतं असं नाही. बोअरवेलच्या जड, क्षारयुक्त पाण्यामुळे किंवा चुनखडीच्या मातीमुळे ते झाडाला घेता येत नाही. म्हणून कुंडीत खिळे पुरून काही होत नाही, तो उपाय मीही केलाय. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट (कृषी केंद्रात हिराकस म्हणूनही मिळतं) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. आणि पावसाचं पाणी साठवून दिलंत तर हा त्रास मुळातच कमी होतो.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखी जाळी असेल तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. कोरड्या उन्हाळ्यात येतो. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस रोज. एवढ्याने बहुतेक आवरतो. नाहीच आवरला तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण उन्हाच्या वेळी अजिबात नाही, पानं भाजतात. पानावर पांढरी लोकरीसारखी लव उगवली असेल तर तीही कोळ्याचीच दुसरी जात. ती पानं खुडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

कळ्या जांभळ्या होऊन गळतात. मोगऱ्याचा रंग बदलला का?

उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी जांभळट-गुलाबी होतं, ते म्हातारपण आहे. न उमललेली कळी जांभळी होत असेल तर आत पाहुणा आहे. एक कळी चिरून बघा. आत हिरवट अळी आणि कळीला बारीक भोक असेल तर कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण कळी बुडाशी फुगलेली आणि आत अगदी बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर कळीमाशी. दोन्हींवर घरगुती पातळीला एकच खात्रीचा उपाय, तो कंटाळवाणा आहे: रोज संध्याकाळी अशा सगळ्या कळ्या, खाली पडलेल्यासुद्धा, गोळा करायच्या आणि पिशवीत बांधून फेकायच्या. कळीमाशी कोष मातीत करते, म्हणून कुंडीची वरची माती मोकळी करून उन्हात तापू द्यायची, निंबोळी पेंड मिसळायची. कळ्या धरायच्या आधीपासून आठवड्याला निंबोळी तेल (लिटरला पाच मिली, थोडं रिठ्याचं पाणी मिसळून) फवारलं तर सुरुवातच कमी होते. अळी कळीत शिरल्यावर तेल वरून फवारून तिला काही होत नाही.

चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, केळ्याची सालं, एप्सम सॉल्ट… यातलं काय घालू?

घरात कचरा होतोच, तो कंपोस्टमध्ये घाला आणि कंपोस्ट झाडाला घाला. थेट कुंडीत ओतल्यावर मिळतात चिलटं. चहाचा चोथा धुतल्याशिवाय घातला तर साखरेला मुंग्या आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड. ताक पातळ करून महिन्यातून एकदा घातल्याने नुकसान नाही, फायद्याचं मला कधी जाणवलं नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते कमी असेल तरच उपयोग, फुलं आणायचं औषध नव्हे.

शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, बहरांच्या मधल्या काळात पंधरा दिवसांनी दिलेली मोगऱ्याला मानवते. वास भयंकर येतो. शेजाऱ्यांना आधी सांगा, किंवा नंतर गजरा द्या.

पाळीत हात लावला की मोगरा सुकतो, हे खरं का?

नाही. पुढचा प्रश्न.

जुईच्या वेलाला आणि रातराणीला साप येतात म्हणतात…

वासाने साप येत नाहीत. दाट, कधीच न छाटलेल्या वेलाच्या बुडाशी पालापाचोळा, गारवा, बेडूक आणि उंदीर असतात, त्यांच्यामागे साप येतो. वेल जमिनीपासून दोन फूट मोकळा ठेवा आणि बूड झाडून घ्या.

रातराणी मुळात या घराण्यातली नाहीच. ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली. तिची पांढरी बोराएवढीसुद्धा नसलेली फळं विषारी असतात, लहान मुलं असतील तर त्याची काळजी करा. मोगऱ्या-जाईचा मांजरा-कुत्र्यांना त्रास नाही. पारिजातक मात्र मोगऱ्याचा खरा भाऊबंद, एकाच कुळातले.

वास संध्याकाळीच का येतो? आणि आमच्या मोगऱ्याला वास कमी का?

ही फुलं रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी उमलतात, म्हणून दिवे लागायच्या सुमाराला पाकळ्या सुटतात आणि वासही तेव्हाच सुटतो. वासाचं रसायन कळीत आधीपासून तयार नसतं, उमलता उमलता बनत जातं. म्हणूनच तोडलेल्या कळ्यांचा गजरा डोक्यात माळल्यावर दोन तासांनी घमघमतो. याच गुणावर चिनी जास्मिन चहाही उभा आहे: मोगऱ्याच्या कळ्या रात्री चहाच्या पानांत मिसळायच्या, त्या तिथे उमलतात आणि चहा वास पिऊन घेतो. 

त्या वासात बेन्झिल ॲसिटेट आणि लिनालूल हे गोड भाग असतात आणि थोडंसं इंडोल. इंडोल एकटं हुंगलं तर कुबट लागतं, पण ते नसेल तर मोगरा साबणासारखा वाटतो. स्वस्त अगरबत्ती आणि खरा मोगरा यांतला फरक बराचसा तिथेच आहे.

वास कमी असण्याची कारणं साधी आहेत. ऊन कमी, पावसाळी हवा किंवा आदल्या दिवशीचं फूल. मेच्या उकाड्यातल्या मोगऱ्याचा वास ऑगस्टमधल्या मोगऱ्याला येत नाही.

फुलं कधी तोडायची? टिकवायची कशी?

कळी पूर्ण भरलेली, दुधी पांढरी, पण मिटलेली हवी. हिरवट असताना तोडली तर उमलत नाही. विकणारे पहाटे तोडतात; घरी चार-साडेचारला तोडा. ‘दिवेलागणीनंतर फूल तोडू नये’ म्हणणाऱ्या आजीशीही मग भांडण होत नाही. ओलसर मलमलच्या फडक्यात सैल गुंडाळून केळीच्या पानात ठेवा. पाणी शिंपडत राहू नका, पाकळ्या तांबूस होतात. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर उद्याच्या दुधाला मोगरा लागतो.

ओवायला केळीच्या सोपटाचा ओला धागा सुती दोऱ्यापेक्षा चांगला, देठ कापले जात नाहीत. गोव्यात म्हार्दोळला जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या माळा, अशाच केळीच्या धाग्यात विणतात. तिथल्या म्हाळसा देवीला जायांची पूजा असते तेव्हा देऊळभर ही फुलंच. एकदा तो वास घेतला की जाईला मोगऱ्याची धाकटी बहीण म्हणणं आपोआप बंद होतं.

गावाकडे अर्धा एकर पडून आहे. मोगऱ्याची शेती करू का?

पाणी आणि ऊन तुम्ही विचारणारच. मी विचारेन, पहाटे तोडायला माणसं आहेत का? मोगऱ्याच्या शेतीत सगळ्यात मोठा खर्च आणि कटकट तोडणीची आहे. कळ्या पहाटे हातानेच तोडायच्या आणि तासा-दोन तासांत गाडीला लावायच्या. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडच्या बाजूला आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावून दादरच्या फुलबाजारात पाठवायला सुरुवात केली, ती चालली कारण घरचीच माणसं तोडतात आणि मुंबई जवळ आहे. बाजार दोन तासांहून लांब असेल तर आधी शंभर झाडं लावून एक उन्हाळा काढा. लग्नसराईचा भाव आणि बाकीच्या दिवसांचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि हिशेब नेहमी दुसऱ्या, कमी भावाने करावा. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या टपोऱ्या कळ्या दोन दिवस तग धरतात. आपली स्पर्धा त्यांच्याशी आहे, हे लक्षात ठेवा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. भारतातून फांदी आणू का?

बॅगेत लपवून नको. रोपं आणि फांद्यांना तपासणीचा दाखला लागतो, विमानतळावर जप्त होते आणि दंडही होतो. तिथल्या नर्सरीत ‘अरेबियन जास्मिन’ किंवा ‘सॅम्बॅक’ विचारा. ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ हा आपल्या साध्या मोगऱ्याजवळचा, ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ हा बटमोगऱ्याजवळचा. ‘स्टार जास्मिन’ घेऊ नका, तो मोगरा नव्हे. वास येतो पण आपला नाही.

कुंडी मे ते सप्टेंबर बाहेर कडक उन्हात. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की आत, दक्षिणेच्या खिडकीत, आणि पाणी अगदी कमी. तुमचा हिवाळा हाच तुमचा ताण. छाटणी मात्र मार्चअखेर करा, नाहीतर उन्हाशिवाय आलेले फुटवे सुतासारखे लांबतात. दुबईतल्या माझ्या भाचीला यातलं काहीच लागत नाही. तिच्याकडचा मोगरा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुमच्याकडून रोप मिळेल का?

मिळेल. ऑगस्टच्या शेवटी या, स्वतःची कुंडी घेऊन. जानेवारीत येऊन ‘तुमच्याकडे तर काहीच नाही’ म्हणू नका. तेव्हा गच्चीवर नुसत्या काड्या असतात, त्याही मीच केलेल्या.